गुळण्यांनी पायोरिया जात नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

लवंग, हळद, मीठ, तुरटी पाण्यात उकळा, रोज गुळण्या करा, पायोरिया (हिरड्या सुजून दात हलायला लागतात तो आजार) मुळापासून जाईल, पेस्ट-माउथवॉशमधलं फ्लोराइड तर विषच आहे आणि डॉक्टरकडे दात साफ करून घेऊ नका, सैल होतात, असा मेसेज फिरतोय. यातलं थोडं खरं आहे म्हणूनच लोकांना पटतो.

लवंगेत युजेनॉल असतं, ठणका कमी होतो, जंतूही मरतात, मान्य. हळदीतलं कर्क्युमिन सुजेवर चांगलं, पण ते पाण्यात विरघळतच नाही नीट, तळाशी बसतं. तुरटीने हिरड्या आवळतात, रक्त थांबतं आणि माणसाला वाटतं बरं झालं, आणि खरा घोटाळा इथेच होतो कारण आजार आत तसाच चालू असतो.

दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो तो घासूनच निघतो, आणि लाळेतल्या कॅल्शियमने एकदा कडक झाला की ब्रशनेपण निघत नाही. हिरडीखाली जी फट पडते तिथपर्यंत गुळणीचं पाणी पोचतच नाही, मग त्यात काहीही घाला. तो थर डॉक्टरच काढू शकतात.

आणि साफ केल्याने दात सैल होतात हे तर साफ चूक! दाताभोवतीचं हाड आधीच झिजलेलं असतं, कडक थर निघाला की ते फक्त लक्षात येतं. थोडे दिवस गार-गरम झोंबतं, बस. या एका वाक्यापायी लोक वर्षानुवर्षं जात नाहीत आणि शेवटी दात काढायची वेळ येते, शुगर असेल तर अजूनच लवकर.

फ्लोराइडचं म्हणाल तर प्रश्न प्रमाणाचा आहे. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्रास, यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्याने तो होतोच. पण माउथवॉश आपण थुंकतो (लहान मुलं गिळतात, म्हणून 6 वर्षांखाली देत नाहीत). फ्लोराइड कीड रोखायला असतं, त्यामुळे हिरड्यांसाठी बिनफ्लोराइडचा माउथवॉश चालतो, पेस्ट मात्र फ्लोराइडचीच ठेवा.

हिरड्यांना सूज असेल तर डॉक्टर बहुतेक क्लोरहेक्सिडिन 0.2 टक्के हा जंतू मारणारा माउथवॉश देतात, त्यात सहसा फ्लोराइड नसतंच. पण तोही दोन आठवड्यांच्या वर मनाने चालू ठेवू नका, दात तपकिरी पडतात, चव जाते, आणि पेस्टने घासल्यावर लगेच घेतला तर त्याचा असर कमी होतो, अर्धा तास जाऊ द्या.