दीड लाख, एक नवरदेव आणि चार वऱ्हाडी

नाशकात कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत चहाच्या टपरीला लागून एक ओटा आहे. तिथे साडेसातनंतर कुठलाही विषय निघो, तो भांडणावरच जातो. परवा निघाला कॅमेऱ्याचा. नवीन नोकरी लागलेल्या एका पोराला फोटोग्राफीचा नाद लागलाय, हातात दीड लाख आहेत आणि बॉडी, लेन्स, लॅपटॉप, सॉफ्टवेअर हा सगळा संसार त्यातच मांडायचाय. त्या संध्याकाळपुरतं त्याचं नाव नवरदेव पडलं. वऱ्हाडी नेहमीचेच: फिजिक्सचे मास्तर, फोटो लॅबवाले काका, आयटीवाला आणि वकील.

नवरदेवाने मोबाइलवर यादी दाखवली. सेकंडहँड फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी, सोबत मिळेल ती लेन्स, आणि उरलेल्या पैशांचा गेमिंग लॅपटॉप.

"काढणार कशाचे?" मास्तरांनी विचारलं.

"पक्षी. नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातले. मग रामकुंडावरची आरती, आणि पावसाळ्यात गड."

"मग फुल फ्रेम कशाला?"

"क्वालिटी, सर."

मास्तरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. ग्लास खाली गेला की गणित येतं.

"जांभळी पाणकोंबडी धर. साधारण ४५ सेंटिमीटरचा पक्षी. तू काठावर, ती ४५ मीटरवर पाणवनस्पतींत. म्हणजे अंतराच्या शंभराव्या भागाएवढी. ३०० एमएमची लेन्स लावली, तर सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, तिचं चित्र ३०० चा शंभरावा भाग, ३ मिलिमीटर. बॉडी दहा हजाराची घे नाहीतर तीन लाखांची, ३ च मिलिमीटर. आता २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर ३६ मिलिमीटर रुंदीत ६००० पिक्सेल बसवलेत, त्यातले पाणकोंबडीच्या वाट्याला ५००. तेच ६००० पिक्सेल लहान, एपीएस-सी सेन्सरच्या साडेतेवीस मिलिमीटरमध्ये दाटीने बसतात, तिथे तिला साधारण ७६५ मिळतात. आणि ६०० एमएमची लेन्स लावलीस तर दीड हजार. आता सांग, पैसे कुठे घालायचे?"

"लेन्सला," नवरदेव म्हणाला, पण पडलेल्या चेहऱ्याने.

वकिलांना असा एकतर्फी निकाल चालत नाही. "आणि आरतीचं काय? तिथे उजेड नसतो. मोठ्या सेन्सरचा फायदा तिथे आहेच ना?"

"आहे, सव्वा स्टॉपचा. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. पण बॉडीसोबत येणारी किट लेन्स झूम केली की एफ ५.६ वर येऊन बसते, आणि एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. त्याऐवजी ५० एमएमची एफ १.८ लावली तर सव्वातीन स्टॉप मिळतात, आणि बऱ्याच कंपन्यांच्या यादीत स्वस्त लेन्स म्हणून तीच असते. फक्त आरतीत चेहऱ्यांवर एक्स्पोजर धरलं की ज्योतीचा पांढरा ठिपका होतो आणि तो नंतर परत आणता येत नाही. एक स्टॉप कमी ठेवून रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढायचं आणि सावल्या घरी उचलायच्या."

"ती ५० एमएम जुनी घेताना बघून घे हं," लॅबवाले काका मध्ये पडले. "निकॉनच्या नावापुढे नुसता 'डी' असलेली जुनी एएफ लेन्स स्वस्तात मिळते. पण डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते. लेन्स बसेल, फोटो निघेल, फोकस मात्र हाताने. एएफ-एस लिहिलेली मागायची."

सेकंडहँड म्हटल्यावर काकांची गाडी सुटते ती सुटतेच. बॉडी हातात घेतली की एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढायचा, फोकस मुद्दाम बिघडवून. सेन्सरवर धूळ असेल तर करडे ठिपके दिसतात. धूळ ब्लोअरने जाते, ओरखडा जात नाही, तेव्हा ठिपका आहे की रेघ हे नीट बघायचं. निकॉनच्या फोटोसोबत साठणाऱ्या एक्झिफ माहितीत शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उघडलं तो आकडा, सापडतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये तो तिथे नसतो, मग विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा बटणांची झीज आणि ग्रिपच्या रबराचा चिकटपणा खरं बोलतो. लेन्स घेताना दोन्ही टोपणं काढून, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडून, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारायचा. आत दोन-चार कण दिसले तर काही बिघडत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असो, जिथल्या तिथे ठेवून द्यायची.

"आपल्या नाशकात कसली बुरशी?" आयटीवाला म्हणाला. "उन्हाळ्यात ओठ फुटतात इथे."

"उन्हाळ्यात. जून ते सप्टेंबर त्र्यंबक, इगतपुरीच्या बाजूने भिजून येतोस आणि कॅमेरा तसाच बॅगेत कोंबून कपाटात टाकतोस. बुरशीला आणखी काय पाहिजे? घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. फार कोरडंही बरं नाही, रबर आणि ग्रीस वाळतं. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० डिग्रीला तास-दोन तास तापवून परत टाकायचे."

मग पक्ष्यांच्या लेन्सवर वकील आणि मास्तर जुंपले. मास्तरांचा कौल सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीला. वकिलांचं म्हणणं, दोन किलोला जेमतेम कमी भरणारं ते धूड गळ्यात घालून हरिहरच्या पायऱ्या चढून दाखवा. त्यापेक्षा कॅननची आरएफ १००-४०० घ्यावी, ६३५ ग्रॅम, पाण्याच्या बाटलीपेक्षा हलकी.

"हरिहरवर ६०० एमएम न्यायची कशाला? गडावर किट लेन्स पुरते. आणि ती हलकी लेन्स ४०० ला एफ ८ आहे. सकाळी सातचा कोवळा उजेड, उडत्या पक्ष्याला १/१६०० सेकंदाचं शटर. आयएसओ, आणि त्याबरोबर फोटोतले दाणे, कुठे जातील?"

"सिग्मा तरी कुठे फार उजेड घेते? एफ ६.३. दोन तृतीयांश स्टॉपचाच तर फरक."

"उजेडाचा तेवढाच. लांबीचा दीडपट." मास्तर अडून बसले.

"आणि ते स्टॅबिलायझेशन?" नवरदेवाने विचारलं.

"ते तुझा हात थांबवतं, पक्ष्याचा पंख नाही."

हा वाद मिटला नाही. मिटायचं कारणही नाही, कारण नांदूरला काठ आणि मनोरे सोडून पुढे जाता येत नाही. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, म्हणून जाहीर झालेली जागा आहे ती, पक्षी त्याच्या अंतरावर राहतो आणि आपण आपल्या. ज्याला गडही करायचेत आणि पाणथळही, त्याच्या पाठीला विचारून ठरवावं लागतं.

लॅपटॉपवर मात्र काका तावातावाने बोलले. "गेमिंग लॅपटॉपचं प्रोसेसर-ग्राफिक कार्ड सगळे विचारतात. पॅनल कोणता, कोणी विचारतं का? माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी', म्हणजे रंगांच्या मापाचा हा आकडा, लिहिलेला दिसला की उठायचं. असला पॅनल एसआरजीबी या नेहमीच्या रंगसंचातले साठ-बासष्ट टक्केच रंग दाखवतो. गुलाल त्याला विटकरी दिसतो, झेंडू फिका. मग पोरं सॅच्युरेशन ओढतात. प्रिंट काढली की गुलालाचा नुसता लाल डाग, कणांचा पत्ता नाही. शंभर टक्के एसआरजीबी आणि आयपीएस (तिरकं बघितलं तरी रंग न बदलणारा पॅनल), हे दोन शब्द छापलेले दिसलेच पाहिजेत."

"प्रिंट काळी येते ती पण याच्यामुळेच?"

"नाही, ती ब्राइटनेसमुळे. स्क्रीन फुल ठेवून एडिट केलं की फोटो डोळ्यांना उजळ वाटतो आणि तुम्ही तो खाली ओढता. कागदाच्या मागे दिवा नसतो ना रे! स्क्रीनचा उजेड शंभर कँडेलाच्या आसपास पाहिजे. मापायला काही नसेल तर स्क्रीनशेजारी पांढरा कागद खोलीतल्या उजेडात धर आणि पांढरी खिडकी त्याच्याएवढीच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरव. स्क्रीनचे रंग मापणारा कॅलिब्रेटर विकत घ्यायचा तर तुम्ही चौघं मिळून एक घ्या, महिन्यातून एकदा तर लागतो. आणि लॅबला फाइल एसआरजीबीच द्या. ॲडोबी आरजीबी हा मोठा रंगसंच पाठवला आणि समोरच्याने ते बदलून घेतलं नाही, तर चेहरे आजारी दिसतात."

आयटीवाल्याने रॅमचा हिशेब मांडला. २४ मेगापिक्सेलचा रॉ कार्डवर २५-३० एमबी दिसतो, पण १६ बिटमध्ये उघडला की प्रत्येक पिक्सेलचे तीन रंग, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे १४४ एमबी. त्यावर चार लेयर चढवा, सहा फोटोंचा पॅनोरमा जोडा, बाजूला ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे ठेवा. ८ जीबीत लॅपटॉप एसएसडीवर घासायला लागतो आणि आपण म्हणतो प्रोसेसर जुना झाला. १६ जीबी पाहिजेच, ३२ असेल तर विषय संपला. मोठं ग्राफिक कार्ड लागतं ते मुख्यतः एआयवाल्या डीनॉइजला, म्हणजे फोटोतले दाणे काढायला. साध्या कार्डावर एका फोटोला काही मिनिटं, दमदार कार्डावर काही सेकंद.

"म्हणजे गेमिंग लॅपटॉप बरोबरच होता की!" वकील.

"रविवारी पाचशे फोटोंपैकी डीनॉइज किती फोटोंना करणार? दहा. लावून ठेव आणि जेवायला बस."

सॉफ्टवेअरला आले तेव्हा टपरीवाल्याने दुसरा चहा आणून ठेवला होता. वकील लाइटरूमवाले: दर महिन्याचे पैसे, पण मास्किंग (फोटोचा ठरावीक भागच बदलणं) सोपं, यूट्यूबवर शिकवणारे शेकड्याने. आयटीवाला डार्कटेबलवाला: फुकट, मुक्त स्रोत, लिनक्सपासून मॅकपर्यंत सगळीकडे चालतं.

"फुकट आहे, पण उघडल्यावर फोटो मेल्यासारखा दिसतो," वकील म्हणाले.

"कारण कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसतो तो कंपनीने रंगवलेला जेपीईजी. रॉ तसाच असतो, निस्तेज. एक्स्पोजर मॉड्यूलमधून आधी उजेड बसवायचा, मग कलर कॅलिब्रेशनमध्ये व्हाइट बॅलन्स, मग सिग्मॉइडने कॉन्ट्रास्ट, शेवटी लेन्स करेक्शन आणि डीनॉइज प्रोफाइल्ड. पाच मॉड्यूल. बाकीच्या साठांकडे पहिले सहा महिने बघूच नको. लोक सगळी उघडतात आणि पळून जातात."

"आणि मी हप्ता थांबवला तर?" नवरदेवाचा प्रश्न वकिलांना होता.

"लाइटरूम क्लासिक उघडतं, कॅटलॉग दिसतो, फोटो एक्स्पोर्टही होतात. डेव्हलप, म्हणजे फोटो सुधारायचा भाग, बंद पडतो." वकिलांनी हे जरा हळूच सांगितलं.

मास्तरांनी मधला रस्ता काढला: सुरुवातीला कंपनीचंच सॉफ्टवेअर वापर. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, दोन्ही मोफत, आणि रंग कॅमेऱ्यात दिसले तसेच. हळू चालतं, चालू दे. डार्कटेबलकडे जायचं तर बॉडी घेण्याआधी तिचं नाव त्यांच्या कॅमेऱ्यांच्या यादीत शोधायचं. बाजारात नुकत्याच आलेल्या मॉडेलचा रॉ ते पुढची आवृत्ती येईपर्यंत उघडत नाही.

दोन्ही पक्षांचं एकमत झालं ते फक्त एका गोष्टीवर: फोटोंचे फोल्डर एक्सप्लोररमधून कधी हलवायचे नाहीत. कॅटलॉगमध्ये फोटो नसतात, पत्ते असतात. फोल्डर हलवला की सॉफ्टवेअर जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतं. हलवायचं ते सॉफ्टवेअरच्या आतूनच.

कार्डाचं लवकर आटपलं. दहा फ्रेम सेकंदाला, तीस एमबीची एक, म्हणजे सेकंदाला ३०० एमबी. यूएचएस-१ जातीच्या कार्डाची वाटच १०४ एमबीची, आणि व्ही३० चा शिक्का हमी देतो ती फक्त ३० ची. बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो, कॅमेरा अडखळतो, बगळा उडून जातो. तेव्हा एका दमात थोडेच फोटो, असे छोटे छोटे बर्स्ट मारायचे. नवीन कार्ड घरी आणल्यावर एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासायचं, कारण वरचं लेबल १२८ जीबी सांगतं आणि आतली चिप ३२ ची निघू शकते. बनावट कार्ड सुरुवातीला छान चालतं. मर्यादा ओलांडली की पुढचे फोटो नुसते नावाला उरतात.

साठवणुकीचा हिशेबही आयटीवाल्यानेच केला. रविवारी पाचशे फोटो, १५ जीबी. वर्षाला चाळीस रविवार, ६०० जीबी. दोन एक्स्टर्नल डिस्क घ्यायच्या, एक घरात, दुसरी मामाकडे सिडकोत. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर चोराला एकच फेरी पुरते.

"म्हणजे लॅपटॉप, दोन डिस्क, कार्ड... लेन्सला उरतंय काय?" नवरदेव रडकुंडीला आला.

तेव्हा कुठे आयटीवाल्याने तासाभरापूर्वी विचारायचा प्रश्न विचारला. "आत्ता घरी कोणता लॅपटॉप आहे?"

"कॉलेजचा. ८ जीबी. चार वर्षं झाली."

"भावाला फोन लाव. टास्क मॅनेजर उघडायला सांग. परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली 'स्लॉट्स यूज्ड' लिहिलेलं असतं."

फोन लागला. भावाला टास्क मॅनेजर सापडायला जितका वेळ लागला तितक्यात काकांनी चहाचे पैसे दिले. उत्तर आलं: दोनपैकी एक.

"झालं. रिकाम्या स्लॉटात रॅम घाल, बोर्ड किती घेतो तेवढं मॉडेल नंबरवरून बघून घेऊ. एसएसडी बदल. बाहेर २४ इंची आयपीएस मॉनिटर लाव, शंभर टक्के एसआरजीबीचा. गेमिंग लॅपटॉप कट."

"कट झालेला पैसा सिग्माला," मास्तर लगेच म्हणाले.

"आरएफ १००-४०० ला," वकील.

काकांनी दोघांना हाताने थांबवलं. "दोन्ही भाड्याने आण. एक या रविवारी, एक पुढच्या. तोच काठ, तीच वेळ, आणि घरी येऊन शंभर टक्के झूमवर शेजारी शेजारी लाव. आणि सहाला तिथे पोहोचायचं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग ६०० एमएम काय नि ४०० काय, पक्षी चुलीच्या धगीतून बघितल्यासारखाच येतो."

"सहाला म्हणजे घरून साडेचारला निघायचं?"

"पावणेपाचला. आणि जास्तीची बॅटरी चार्ज करून ठेव."