टीव्ही गेमची बंदूक: त्या मेसेजबद्दल खुलासा

दोन दिवसांपासून सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'जुन्या टीव्ही गेमच्या बंदुकीतून लेझर निघायचा, त्यानं पिक्चर ट्यूब जळायची. ही बंदूक निन्टेन्डो या गेम कंपनीनं १९८५ मध्ये शोधली.' परवा मीही तो पुढे ढकलला, म्हणून हे लिहिणं माझ्याच अंगावर आलं.

बंदुकीतून काही बाहेर पडत नाही, उलट टीव्हीचा उजेड आत जातो. लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली बंदूक माळ्यावर होती, ती काल उघडली. नळीत भिंग, मागे उजेड ओळखणारा मसुराएवढा सेन्सर, चापाची स्प्रिंग. बास. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग गेममधल्या बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. अंधारानंतर तो उजेड सेन्सरला दिसला, की नेम लागला. एलसीडी टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, म्हणून तिथं ती चालत नाही. बंदूक बिघडलेली नसते.

आणि पहिली म्हणाल तर १९७२ च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या टीव्ही गेमची, तीही वेगळी विकत घ्यावी लागायची. बल्बकडे रोखली तरी नेम लागायचा! निन्टेन्डोनं जपानात १९८४ मध्येच बंदूक आणली. १९८५ हे निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या 'झॅपर' बंदुकीचं साल.

माझा मेसेज मी काढलाय. तुमच्याकडं आला असेल तर पुढं पाठवू नका, आणि आधीच पाठवला असेल तर त्यांनाही हे कळवा.