अनेसिमाला कुणी विचारलं?

नगरकडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सध्या एका जुन्या गोष्टीवरून वाद पेटलाय. एका तरुणाने ग्रुपवर लिहिलं की, त्याच्या मातंग आजोबांना याच मंडळीत प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यात शेवटी मिळायचा. देणारे आणि घेणारे, दोघेही बाप्तिस्मा झालेले. त्यावर उत्तरांचा नुसता पाऊस पडला. ‘ख्रिस्तात सगळे एक.’ ‘जुनं कशाला उकरतोस?’ ‘मन मोठं कर, बाळा.’ एकाने तर ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असंही लिहिलं. पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती असलो तरी ऐनवेळी गंगाच कामी येते. शेवटी एका निवृत्त पाळकसाहेबांनी बायबलातल्या फिलेमोनाच्या पत्राचा दाखला दिला: दास आणि धनी यांचासुद्धा समेट झाला, मग आपण काय धरून बसलोय?

आमचं घर महारांतलं, म्हणजे या भांडणात प्याला आधी मिळणाऱ्यांचं. आणि मी राहतो अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराजवळ. या भागात हे पत्र इतक्या सहजासहजी कुणाच्या तोंडावर फेकता येत नाही.

पत्र लहानसंच आहे, २५ वचनांचं. लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगात आहे. कलस्सैच्या फिलेमोनाचा दास अनेसिम त्याच्यापाशी आलाय, विश्वासात आलाय, आणि पौल त्याला चिठ्ठी देऊन परत पाठवतोय: याला आता दास म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून घे. पाळकसाहेब इथे थांबतात. मजा पुढे आहे. पत्र एकट्या फिलेमोनाला नाहीच. अप्फिया, अर्खिप्प आणि त्याच्या घरी जमणारी सगळी मंडळी यांनाही आहे. म्हणजे ते चारचौघांत वाचलं जाणार. मग पौल हिशेबावर येतो: त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी स्वहस्ते लिहून देतो, मी फेडीन. लगेच हळूच चिमटाही काढतो की, तू स्वतःच माझा देणेकरी आहेस, ते मी बोलत नाही. आणि जाता जाता, माझ्यासाठी खोली तयार ठेव. म्हणजे बघायला येणार! गावातला मुरलेला मध्यस्थ समेट करतो तो असाच: साक्षीदार बसवून, देणं-घेणं बोलून, आणि पुन्हा फेरी मारायची तंबी देऊन. नुसतं ‘मन मोठं करा’ एवढ्यावर तो उठत नाही. आणि इथे मन मोठं करायला सांगितलंय ते धन्याला, दासाला नव्हे.

तरीही हे पत्र मला पुरतं पटत नाही. यात अपराधी धरलाय तो दास. माणूस विकत घेऊन घरात ठेवणारा क्षमा करणार, आणि विकला गेलेला क्षमा मागणार! धन्याचंही अनेसिमाकडे काही देणं लागत असेल, हे पौलालासुद्धा सुचत नाही. अनेसिमाला काय वाटलं, त्याला परत जायचं होतं का, यावर त्याचा एक शब्द नाही.

आणि परत जाणं म्हणजे काय, हे त्या काळात लेकरालाही ठाऊक होतं. पळालेल्या दासाच्या कपाळावर डाग देत. रोममध्ये गळ्यातला एक लोखंडी पट्टा संग्रहालयात जपलाय. त्याच्या बिल्ल्यावरचा मजकूर असा: मी पळालोय, मला धर, माझा धनी झोनिनस याच्याकडे परत आणलंस तर तुला सोन्याचं नाणं मिळेल. तो पट्टा पत्रानंतर तीन-चारशे वर्षांनी घडवलेला. अशाच दुसऱ्या एका पट्ट्यावर धनी म्हणून फेलिक्स नावाच्या आर्चडीकनचं, म्हणजे मंडळीच्याच सेवकाचं नाव आहे. ‘प्रिय भाऊ’ वाचून झाल्यावरही पट्टे घडतच होते.

चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या गांग्रा इथे भरलेल्या धर्मसभेने ठराव केला की, धर्माच्या नावाखाली दासाला धन्याचा अवमान करायला आणि त्याला सोडून जायला शिकवणारा शापित. त्याच शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी याने उलट विचारलं की, देवाच्या प्रतिमेची किंमत किती लावलीत, किती नाण्यांना घेतलीत? पण ग्रेगरीसारखे विरळाच.

आता माझ्या दारातली गोष्ट. सव्हानाच्या दक्षिणेला लिबर्टी काउंटीत मिडवे नावाचं जुनं चर्च आहे, १७९२ सालचं, पांढरं, लाकडी. वर गॅलरी आहे, गुलामांनी बसायची. हे चर्च काँग्रेगेशनल पंथाचं, आणि १८३१ साली नगरला अमेरिकन मराठी मिशन घेऊन आलेले लोकही त्याच पंथाचे. कूळ एकच. याच काउंटीत १८३३ साली चार्ल्स कॉलकॉक जोन्स नावाच्या पाळकाने गुलामांपुढे फिलेमोनावर उपदेश केला: पळून जाणं पाप आहे. निम्मे श्रोते उठून सरळ चालते झाले. काहींनी तर बायबलात असलं पत्रच नाही असं सांगितलं. हे खुद्द जोन्सनेच लिहून ठेवलंय, म्हणून आपल्याला कळतं. पौलाच्या पत्रावर अनेसिमाच्या बाजूचं इतकं रोखठोक उत्तर मी दुसरं वाचलेलं नाही.

पुढे काळ्या लोकांचे मोठे धर्मचिंतक झालेले हॉवर्ड थर्मन यांची आजी गुलामीत जन्मलेली. नातवाकडून बायबल वाचून घ्यायची, पण पौलाची पत्रं जवळजवळ वर्ज्य. करिंथकरांस पहिल्या पत्रातला प्रीतीवरचा तेरावा अध्याय तेवढा कधीमधी. धन्याचा पाळक पौलाचं ‘दासांनो, आज्ञा पाळा’ हेच सांगत राही, म्हणून.

इथे सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. १७ जून २०१५ ला शेजारच्या चार्ल्सटनमध्ये एका वंशद्वेष्ट्याने चर्चमध्ये नऊ काळ्या माणसांना गोळ्या घातल्या. दोनच दिवसांनी कोर्टात काही नातेवाइकांनी त्याला क्षमा केली. देश गहिवरला. तेव्हा अनेक काळ्या माणसांनी विचारलं, दर वेळी आम्हीच का, आणि इतकी घाई का? दुसरीकडे जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ. १८३८ मध्ये त्यांनी आपल्या मालकीची २७२ गुलाम माणसं विकली, आणि त्यातला पैसा जॉर्जटाउन कॉलेजच्या कर्जात भरला. २०१७ मध्ये त्यांनी वंशजांसमोर माफी मागितली आणि २०२१ मध्ये दहा कोटी डॉलर उभे करायचं वचन दिलं. ते पुरे की अपुरे, यावर वाद चालू आहे. पण निदान हिशेबाची वही उघडली.

‘तिकडे बसून सांगायला काय जातं,’ असं दादाने मला सुनावलंय. खरं आहे, काही जात नाही. पण जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्यांना अर्पण केली, तीही पुण्यात बसूनच. समुद्र ओलांडून एकमेकांकडे बघायची सवय आपल्याला जुनीच आहे.

म्हणून मी पाळकसाहेबांना सलाम कळवून लिहिलं: दाखला फिलेमोनाचाच घ्यायचा तर पुरा घ्या. आजोबांची हकीकत रविवारच्या भक्तीत सगळ्यांसमोर त्या मुलाने वाचावी. जुनी रजिस्टरं काढावीत. कमिटीवर कोण होतं, कोण कधीच नव्हतं, ते मोठ्याने वाचावं. आमच्यासारख्या घरांनी उभं राहून ते ऐकावं. क्षमा करायची की नाही, केव्हा करायची, हे त्या घराने ठरवावं. त्यांच्यावर घाई नको. आणि हे सगळं वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या.

पाळकसाहेबांचं उत्तर आलं. यंदा छताच्या दुरुस्तीचा विषय मोठा आहे, म्हणतात. पुढच्या वर्षी बघू. छताला मी पैसे पाठवतोय, सोबत विषयपत्रिकेसाठी लेखी अर्जही.