१९९४ च्या आधीही कोणी होतं

‘भारताची सौंदर्यस्पर्धांमधली खरी सुरुवात १९९४ पासून’ हे सौंदर्यस्पर्धांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. सुश्मिता आणि ऐश्वर्या एकाच वर्षी जिंकल्या, त्याचं अप्रूप मलाही आहे. पण रीटा फारियाचं काय? १९६६ साली लंडनमध्ये ‘मिस वर्ल्ड’ झालेली ही मुलगी मुंबईची, मूळ गोव्याची, तेव्हा ग्रँट मेडिकलमध्ये शिकत होती. हा किताब मिळवणारी पहिली आशियाई! आणि वर्षभर मिरवून झाल्यावर सिनेमाचा रस्ता न धरता पुन्हा अभ्यासाला लागली, डॉक्टर झाली. माझ्या आत्याने तिचा पेपरातला फोटो गोदरेजच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. आजोबांना दिसू नये म्हणून वरून साडी लोंबत ठेवलेली. ती साडी बाजूला सारून आम्हा पोरींना फोटो दाखवायची आणि म्हणायची, ‘बघा, डॉक्टरीण आहे ही.’ किताबाचं नाव नंतर यायचं.

त्याच्याही मागे जायचं तर १९५२ ची पहिलीवहिली ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धा घ्या. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला भारताकडून गेल्या होत्या इंद्राणी रहमान. शास्त्रीय नर्तकी, लग्न झालेल्या, एका मुलीची आई. पुढे कित्येक वर्षं विवाहितांना तिथे दारच बंद होतं आणि ते अगदी अलीकडे उघडलं. लेखात ‘काळाच्या पुढचं पाऊल’ म्हणून ज्याचं कौतुक केलंय ते हेच, विवाहितांना मिळालेला प्रवेश. सत्तर वर्षांपूर्वी आपल्याकडची एक बाई ते टाकून आली होती की हो!