दारूबंदीच्या जिल्ह्यात धडक खाण्यापूर्वी

पिऊन टर्र झालेल्या ड्रायव्हरकडून पाय मोडून घ्यायचा असेल, तर आधी जिल्हा नीट निवडा. आमचा वर्धा जिल्हा टाळा. 1936 साली बापू सेवाग्रामला राहायला आले, तो हा जिल्हा. इथे दारूबंदी आहे. म्हणजे दारू नाही, आणि दारूच नाही तर पिणारा येईल कुठून? मला ठोकणारा ट्रॅक्टरवाला डुलत होता, तो कपाशीच्या वजनाने डुलत असणार.

तरी धडक बसलीच, तर पडल्या पडल्या घड्याळ बघा. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली तरच कायद्याने तो प्यालेला. आणि रक्तातली दारू तासागणिक उतरते. तेव्हा मोडलेला पाय बाजूला ठेवून त्याला धरा, खर्रा थुंकायला लावा (वास मारायला तो हमखास तोंडात असतो) आणि ग्रामीण रुग्णालयात न्या. मला हे जमलं नाही. तो घरी जाऊन झोपला, उठला, आंघोळ केली आणि मग ‘सापडला’. रक्त माझंच घेतलं, कारण खाटेवर मीच होतो.

भरपाईसाठी त्याची दारू सिद्ध व्हावीच लागते असं नाही. निष्काळजीपणे गाडी हाकली, एवढं दाखवलं तरी चालतं. पण ही गोष्ट तुम्हाला गावात कोणी सांगणार नाही, तेव्हा मीही सांगितली नाही असं समजा. कायदा म्हणतो, मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांत अर्ज करा. सहा महिने पुष्कळ झाले. दोन प्लास्टरमध्ये जातात, एक पंचनाम्याची नक्कल मिळवण्यात, एक अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिल सर्जनच्या दारात. उरलेले दोन समजूतदार माणसांसाठी राखून ठेवा. ती येतातच. “कायले कोर्टकचेरी करता भाऊ? गावातलाच पोट्टा हाय. दहा हजार घ्या अन् मिटवा.” एक जण तर स्टॅम्प पेपर सोबतच घेऊन आला होता. माझी सही सोडून सगळं लिहून तयार.

कमाईचा पुरावाही लागतो. सातबारा असेल तर ठीक. मजुरीवर जात असाल, तर रोजाची पावती फाडायला शेतमालकाला आधीच सांगून ठेवायला हवं होतं. आणि ठोकणारी गाडी विम्याची आहे ना, हे धडकेआधी बघून घ्यावं. माझ्या नशिबी आलेल्या ट्रॅक्टरचा विमा पोळ्यालाच संपलेला, आणि ट्रॅक्टर सासऱ्याच्या नावावर. सासरा म्हणतो, “मले काय माहीत?”

आठव्या दिवशी तो स्वतः भेटायला आला. नारळ, केळी, डोळ्यांत पाणी. खाटेच्या कडेवर बसून माझा हात धरला आणि म्हणाला, “भाऊ, आईची आन, थेंब नव्हता घेतला.” नर्सबाई इंजेक्शन घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, एक शब्द न बोलता गेल्या आणि वॉर्डाच्या दोन्ही खिडक्या उघडल्या.