‘मिश्री सोडणारेच लवकर जातात’ या दाव्याविषयी

माझ्या आत्याने पंचेचाळीस वर्षे दातांना लावलेली मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची भुकटी, गेल्या पावसाळ्यात सोडली, कारण दातांच्या डॉक्टरांनी तिच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा तिला आरशात दाखवला होता. परवा गेलो तेव्हा ओट्यावर तीच जुनी डबी होती आणि तिच्या तर्जनीला काळी भुकटी लागलेली होती. कारण विचारल्यावर तिने मोबाइल पुढे केला. “वाच बाळा, सोडणारेच लवकर जातात म्हणे.” नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या त्या संदेशात चार दावे आहेत: तंबाखूने कर्करोग होतो हे प्रयोगाने सिद्ध झालेले नाही, संशोधन सगळे परदेशी आहे, मिश्री लावून नव्वदी गाठलेल्या आज्या घरोघरी आहेत, आणि तंबाखू सोडणाऱ्यांत मृत्यू जास्त होतात, म्हणून ती सोडू नये.

शेवटचा दावा सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेतो. एखाद्या पाहणीत नुकतीच तंबाखू सोडलेल्या लोकांत मृत्यू जास्त दिसू शकतात, हे खरे आहे. पण ती सोडतो कोण, हे पाहायला नको का? ज्याला धाप लागते, गिळताना दुखते, ज्याला डॉक्टरांनी तंबी दिली आहे, तो सोडतो. म्हणजे आजार आधी आला आणि सोडणे नंतर. म्हणूनच असे अभ्यास करणारे आजारपणामुळे सोडणाऱ्यांना वेगळे काढतात किंवा सुरुवातीच्या वर्षांतले मृत्यू हिशेबात धरत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी तर यापुढचे पाऊल टाकले. भारताच्या ग्रामीण भागातील तंबाखू वापरणाऱ्या ३६,००० लोकांना त्यांनी ती सोडण्यासाठी सातत्याने समजावले आणि त्यांची तोंडे पुन्हा पुन्हा तपासली. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या अभ्यासात, त्याच भागांतील आधीच्या पाहणीशी तुलना करता, नवे पांढरे चट्टे उठण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. आत्याच्या गालात आहे तसलाच हा चट्टा, आणि तोंडाच्या कर्करोगाची ती पूर्वसूचना असू शकते. सोडल्यानंतर काही आठवडे चिडचिड होते, झोप लागत नाही, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती निकोटिनची तलफ असते, मरणाची चाहूल नव्हे. ते दिवस कठीण जात असतील, तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.

‘सगळे परदेशी’ हे तर वरच्या अभ्यासानेच निकालात निघते. शिवाय संघवी, राव आणि खानोलकर या भारतीय संशोधकांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मुंबईतल्या रुग्णांवरूनच १९५५ साली मांडला होता.

नव्वदीच्या आजीचे म्हणाल, तर पंचावन्नाव्या वर्षी गेलेली आजी हा दाखला द्यायला उरत नाही. मिश्री लावणाऱ्या बहुसंख्य बायकांना कर्करोग होत नाही, हे मला मान्य आहे. जोखीम वाढणे म्हणजे आजार ठरलेलाच असणे नव्हे. परंतु मुंबईतील पस्तिशीपुढच्या सुमारे एक लाख लोकांच्या मागोव्यात तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांचा मृत्युदर न वापरणाऱ्यांच्या सुमारे सव्वापट निघाला, आणि त्या स्त्रिया प्रामुख्याने मिश्रीसारखा धूरविरहित तंबाखूच वापरत होत्या.

राहिला प्रयोगाचा मुद्दा. निव्वळ निरीक्षणावर विसंबल्याने फसगत होते, हे मी मान्य करतो. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे निरीक्षणांवरून वाटत होते. २००२ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत तसे आढळले नाही, आणि संप्रेरके घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक निरोगी व सुस्थितीत होत्या, हे त्या फरकामागचे एक मोठे कारण मानले जाते. तंबाखूचे तसे नाही. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांच्या १९५० च्या अभ्यासात फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे अवघे २ होते, तर तेवढ्याच इतर रुग्णांत २७ होते. त्यानंतर त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा गट घेऊन उलट दिशेने, सवयीपासून मृत्यूपर्यंत, माग काढला आणि तेच निघाले: सिगारेटी जितक्या जास्त तितकी जोखीम जास्त, आणि चाळिशीत सोडणाऱ्याला सरासरी ९ वर्षे परत मिळतात, साठीत सोडणाऱ्यालाही ३. हे आकडे सिगारेटचे आहेत, मिश्रीचे नव्हेत. पण साठी उलटलेल्या आत्याला ‘आता सोडून काय उपयोग’ असे सांगणाऱ्या कोणाकडेही याच्या उलट दाखवणारा भक्कम पुरावा नाही.