कॅमेरा चालू, शिकणं बंद

समोर बसलेल्यांना शिकवायचं आणि स्क्रीनवरच्यांनी ते बघायचं, असा हायब्रिड वर्ग सर्रास चालतो. मी त्याला थेट प्रक्षेपण म्हणते.

मागच्या बाकावरून कोणीतरी शंका विचारतं, आपण उत्तर देऊन मोकळे. घरी बसलेल्याला शंका ऐकूच गेलेली नसते, नुसतं उत्तर कानावर आदळतं. फळ्यावर बोट ठेवून "हे इथून इथे आलं" म्हणताना कॅमेऱ्यात दिसते आपली पाठ. शंका मोठ्याने परत म्हणायला कितीसा वेळ लागतो हो? पण समोर माना डोलत असतात, त्यामुळे भानच राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं, प्रश्न आधी लांबच्यांना विचारा. आणि थांबा. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांची रेकॉर्डिंग तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात असं दिसलं. 3 सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारीही बोलतात. ऑनलाइनला तेवढा वेळ म्यूट काढण्यातच जातो, तेव्हा तिथली शांतता जरा जास्त सोसायला हवी. मी उत्तर चॅटमध्ये टाइप करायला लावते, पण सांगेपर्यंत एंटर दाबायचं नाही. मग सगळी उत्तरं एकदम कोसळतात. पहिल्या हुशाराची नक्कल होत नाही आणि कोण कुठे अडलंय ते लख्ख दिसतं. वर्गातली मुलं तेच वहीत लिहितात.

कॅमेऱ्याची सक्ती मला पटत नाही. चेहरा दिसतोय म्हणजे लक्ष आहे, असं थोडंच असतं?

आयझॅक पिटमन 1840 च्या सुमारास पोस्टाने लघुलेखन शिकवायचे. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचे, पिटमन चुका दुरुस्त करून परत धाडायचे. ना आवाज, ना चेहरा, तरी लोक शिकले, कारण लिहिलेलं तपासून परत यायचं. आज आपण तासाभराचं रेकॉर्डिंग अपलोड करतो आणि गृहपाठावर अंगठा टाकतो! (एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंच्या 2014 च्या अभ्यासात 6 मिनिटांपुढे बघणं गळतं असं आढळलं होतं. तासभर कोण बघणार?)

अर्थात तपासायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. वेळापत्रकात फक्त 'घेतलेला' तास मोजतात, उत्तरं वाचण्याचा नाही. संस्थांनी आधी ते बदलावं, नवा कॅमेरा मागाहून घ्या. तोवर चॅटवर लक्ष ठेवायचं काम वर्गातल्या मुलांना आळीपाळीने द्या. "मॅडम, तिकडे कोणाला तरी कळलं नाहीये" असं ती बिनधास्त मध्येच ओरडतात.